थांबली की थरथरणारी गाडी

गाडी चालत असताना तिला काही होत नसे. थांबली की ती थरथरायची. त्या आठवड्यात हे मी इतक्या जणांना सांगितलं की शेवटी आमचे हे म्हणाले, "गाडीबद्दल सांगतेस की स्वतःबद्दल?" हे मराठीचे मास्तर म्हणून निवृत्त झालेले. बोलायचे कमी, पण बोलायचे ते असं.

मला एका जागी बसवत नव्हतं हे खरं आहे. कारण सांगते. सोमवारी मुलाने जेवता जेवता सांगून टाकलं की रविवारी सकाळी एक माणूस येईल, जुन्या गाड्या घेणारा, तो आपली गाडी घेऊन जाईल. तोडून सुटे भाग विकतो तो. मुलगा तेव्हा नुकताच एका कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला होता. त्या दिवसांत पुण्यात ज्याला त्याला नव्या गाडीची घाई झाली होती. आमच्या कसब्यातल्या बोळात दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकाला उतरावं लागतं, पण तिथेसुद्धा लोक नव्या गाड्यांची रंगीत पत्रकं मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेले दिसायचे. मुलाचंही ठरलं होतं. हप्त्यांवर नवी गाडी घ्यायची, सकाळी आठला ती घेऊन कामावर जायचं. मग जुनी कुठे ठेवणार? आमच्याकडे जागा एकच, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरची भाड्याची पत्र्याची शेड.

"मग मी आक्काकडे कशी जाऊ?" असं मी तेव्हाच विचारायला हवं होतं. मी विचारलं, "भाजी वाढू का अजून?"

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. राहायला विश्रांतवाडीला, आळंदी रस्त्यापासून आत. अर्धांगाने तिची डावी बाजू गेलेली, मुलगा आणि सून दोघंही नोकरीला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिच्याकडे जायची. तिला अंघोळ घालायची, केस विंचरायचे, नेलेला डबा दोघींनी खायचा आणि उरलेली दुपार लहानपणीच्या गोष्टींवरून भांडायचं. बसने जायचं तर मध्ये बस बदलावी लागे आणि माझे गुडघे पहिल्याच पायरीला नको म्हणत. गाडी मी पंचेचाळिशीत शिकले. घेतली होती ह्यांनी, पण चढावर हे घाबरायचे, म्हणून हळूहळू चावी माझ्याकडे आली. जुन्या पद्धतीची गाडी, गिअरची दांडी स्टिअरिंगखाली. जुना बाजार, आरटीओ, बंडगार्डनचा पूल, येरवडा, की आलीच आक्का. गाडी गेली म्हणजे आक्काही लांब गेली, एवढं मला सोमवारी रात्रीच्या त्या ताटावरच कळलं होतं.

मुलाचंही अगदी चुकलं नव्हतं. दसरा होऊन गेला, पहाटे दव पडायला लागलं आणि गाडीने हे सुरू केलं. सिग्नलला उभी राहिली की बोनेट हलायचं, आरसा हलायचा, आरशातला मागचा रिक्षावाला हलायचा आणि मग एक आचका देऊन सगळं बंद. आदल्या शुक्रवारी येरवड्याच्या चौकात तीनदा बंद पडली. शेवटी दोन पोलिसांनी ढकलली. ते मुलाच्या कानावर गेलं, आणि त्याने त्या माणसाला फोन केला.

माझा विचार सरळ होता. थरथर गेली की विकण्याचा विषयही जाईल. रविवारपर्यंत सहा दिवस होते.

मंगळवारी मी आक्काकडे तशीच गेले. सिग्नलला हँडब्रेक ओढायचा आणि उजवा पाय ॲक्सिलरेटरवर दाबून ठेवायचा, म्हणजे बंद पडत नाही. लोक वळून बघायचे, ही म्हातारी जागच्या जागी शर्यत कसली लावते म्हणून. आक्काला मी काही सांगितलं नाही. तिने मात्र केस विंचरून घेताना विचारलं, "हात का कापतोय तुझा?" मी म्हटलं, "गाडी चालवून आलेय." ती म्हणाली, "आजवर काय पालखीतून यायचीस?"

बुधवारी मिस्त्रींकडे गेले. मंगळवार पेठेत त्यांचं गॅरेज होतं. माणूस अमरावतीकडचा, हाताचा फार सावकाश आणि तोंडाचा गोड. आमची गाडी सात-आठ वर्षं त्यांच्याच हाताखाली. त्यांनी ठिणगी देणारे चारही प्लग काढले, काजळी कानशीने घासली, फटी मापल्या, परत बसवले. मग कार्बोरेटरचा स्क्रू थोडा फिरवला. इंजिन जोरात वाजायला लागलं.

"आता पाहा काकू. झालं ना चांगलं?"

"तुम्ही आवाज वाढवलात. म्हणून खोकला ऐकू येत नाही, इतकंच."

ते हसले. "काकू, गाडीचं वय झालं जी. आता असं थोडंफार होईनच."

"वय तुमचंही झालंय."

"मी तं अजून चाळिशीचा आहो."

"वाटत नाही," मी म्हटलं आणि निघाले. दुपारची वेळ होती, गाडी खरंच बरी चालली. मला वाटलं, मीच चुकले. गुरुवारी सकाळी शेडमध्ये जाऊन सुरू केली, तर पुन्हा तेच, बोनेटला थंडी वाजून आल्यासारखं.

तेव्हा मी ठरवलं की आता आपणच बघायचं. मी कुठे शिकलेय म्हणाल तर कुठेच नाही. मिस्त्री काम करताना बाकीची गिऱ्हाइकं चहा प्यायला जातात, मी शेजारी उभी राहायची, एवढंच माझं शिक्षण. गाडीबरोबर आलेलं पुस्तक होतं, पण इंग्रजीत. ते घेऊन ह्यांना शेडमध्ये स्टुलावर बसवलं. हे वाचायचे आणि वाचता वाचता मराठी करायचे.

"इंजिन सुरू असताना प्रत्येक सिलिंडरची तार क्रमाक्रमाने विलग करावी."

"काढावी म्हणा हो. विलग म्हटलं की हात पुढे होत नाही."

"ज्या तारेच्या विलगीकरणाने इंजिनाच्या ध्वनीत फरक पडणार नाही, तो सिलिंडर निष्क्रिय समजावा."

ते मला पटलं. चार जण ओझं ओढत असतील आणि एकाला बाजूला केलं तर ओढ कमी होणारच. कमी झाली नाही, तर तो आधीपासूनच नुसता दोरीला हात लावून चालत होता. मी वायरी ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीला शिवणाचा वेगळा दोरा बांधला, लाल, पिवळा, हिरवा, काळा. भांड्यांसाठी आणलेले रबरी हातमोजे घातले. पहिली वायर काढली, इंजिनाचा आवाज पडला. परत लावली. दुसरी काढली, पडला. तिसरी काढली आणि काही झालं नाही. इंजिन होतं तसंच कण्हत राहिलं.

"तिसरा," मी म्हटलं. इतका आनंद मला मुलाच्या निकालाला झाला नव्हता. लगेच तिसऱ्याचा प्लग काढून दुसऱ्या जागी घातला, दुसऱ्याचा तिसऱ्यात. आता दुखणं प्लगचं असेल तर ते दुसऱ्या सिलिंडरकडे जायला हवं. तेवढ्यात ऊन वर आलं, शेडचा पत्रा तापला आणि गाडी शहाण्यासारखी चालायला लागली. चारही सिलिंडर ठणठणीत. मी चिडून जेवायला गेले आणि अर्ध्या जेवणात उठून परत शेडमध्ये आले. तेव्हाही ठणठणीत. बिघाड दिसत नाही म्हणून रडकुंडीला आलेली मी एकटीच असेन.

शुक्रवारी उजाडताच शेड उघडली. ह्यांना थोपटून उठवलं, तेही बिचारे स्वेटर घालून आले. दव भरपूर होतं. पुन्हा एकेक वायर काढली. ह्या वेळेला दुसरा आणि तिसरा दोन्ही चांगले. निष्क्रिय निघाला चौथा.

"काल तिसरा, आज चौथा?" हे म्हणाले. "तू नीट ऐकतेयस ना?"

मी नीटच ऐकत होते. आणि मला तिथे उभ्या उभ्या पंगत आठवली. चार पानांपैकी रोज एकच माणूस उपाशी उठत असेल, तर त्याच्या पोटात काहीतरी आहे. पण आज हा उपाशी, उद्या तो, असं व्हायला लागलं तर जेवणाऱ्यांकडे बघून काय उपयोग? वाढणाऱ्याकडे बघायला हवं. आणि आमच्या गाडीत ठिणगी वाढणारा एकच होता. तो डिस्ट्रिब्युटर. त्याच्यावर काळी गोल टोपी असते, वाटीएवढी. तिच्या मधोमध एक जाड वायर येते, तिच्यातून ठिणगी आत जाते आणि कडेच्या चार वायरींतून पाळीपाळीने चार सिलिंडरना मिळते.

मिस्त्री एकदा म्हणाले होते की ठिणगी बाहेर गळत असेल तर अंधारात दिसते. अंधार पडेपर्यंत थांबायला माझ्याकडे वेळ कुठे होता? शेडचं तोंड पूर्वेला, कोवळं ऊन थेट आत. मी घरी जाऊन सोलापुरी चादर आणली. पदर घट्ट खोचला, इंजिनासमोरच्या पंख्याच्या बाजूने चादर बाहेरच्या बाहेर राहील असं बघितलं, आणि बोनेटवरून चादर सोडून आत डोकं घातलं. इंजिन थरथरत होतं. डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही दिसेना. मग दिसलं.

"अहो, इकडे या. आत या."

"कुठे आत?"

"चादरीत."

हे आले. आम्ही दोघं म्हातारे एका चादरीखाली, डोकी इंजिनात. शेजारच्या शेडमध्ये तांब्याची भांडी ठोकणारे एक जण काम थांबवून विचारते झाले, "मास्तर, फोटो काढताय का?"

हे आतूनच म्हणाले, "हो. हसू नका, फोटो हलेल."

आणि मग चष्मा वर सरकवला. त्यांनाही दिसलं होतं. टोपीच्या मधल्या जाड वायरीपासून कडेपर्यंत एक बारीक निळा धागा पळत होता. थांबत होता, पुन्हा पळत होता. तो धागा पळत होता तो एका ओल्या तांबूस पट्टीवरून. ती पट्टी म्हणजे कुंकू.

हे समजायला तुम्हाला आमचा दसरा सांगायला हवा. दसऱ्याला गाडी धुवायची माझ्याकडे, पूजा ह्यांच्याकडे. लोक बोनेटवर बाहेरून स्वस्तिक काढतात, हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. ह्यांचं म्हणणं असं की पूजा करायची तर यंत्राची करावी, पत्र्याची काय करायची? म्हणून बोनेट उघडून आत. आत सगळं काळं, तेलकट, वेडंवाकडं, त्यात ही एकच वस्तू गोल, गुळगुळीत, उंचावर. ह्यांना ती पिंडीसारखी वाटायची. बोट पाण्यात बुडवून हळद-कुंकू घ्यायचं आणि मधल्या वायरीपाशी टेकवून पुढच्या अंगाला खाली ओढायचं. दर दसऱ्याला आधीच्या पट्टीवर नवी पट्टी. सात-आठ वर्षांची पुटं होती ती. मी वर्षभर टोपी फडक्याने पुसायची, पण तेवढी बोटभर जागा सोडून. मिस्त्रींना मी नंतर विचारलं की तुम्ही तरी कधी पुसलं कसं नाही. ते म्हणाले, "देवाचं कुंकू मी काहून पुसू काकू? वायरी पुसल्या, खालून पुसलं. तेवढी जागा सोडली." म्हणजे तिघंही तेवढी जागा सोडत होतो. पहाटे दव बसलं की ती पट्टी ओलसर व्हायची, आणि ठिणगीला आत जाण्यापेक्षा बाहेरून पळणं सोपं पडायचं. ऊन झालं की पट्टी वाळायची आणि आम्ही सगळे म्हणायचो, गाडी बरी झाली.

इंजिन बंद केलं. हे चादरीतून बाहेर आले, चष्मा पुसला. "म्हणजे मीच," म्हणाले.

"तुम्ही भक्तिभावाने केलंत."

"बिघाडही भक्तिभावाने झालाय."

कुंकू खरवडून पुसलं, तर खाली टोपीवर पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ. ठिणगीने जाळत जाळत तिथे कायमची वाट केली होती. नुसतं पुसून भागणार नव्हतं, टोपीच नवी हवी होती. हे जुनी टोपी रुमालात बांधून नाना पेठेत निघाले, जिथे गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. सकाळी दहाला गेले.

शुक्रवार होता. टोपीशिवाय गाडी निघणार नाही, तेव्हा आक्काला फोन केला की आज येत नाही. ती म्हणाली, "बरं." आक्का नुसतं बरं कधी म्हणत नाही. मला ते बरं दिवसभर लागून राहिलं. तांदूळ निवडायला घेतले, निवडलेले आणि न निवडलेले एकत्र झाले. शेड झाडली. पुन्हा झाडली. साडेअकरा झाले, एक झाला. ह्यांना कुणी चुकीचा भाग गळ्यात मारला असेल, की उन्हात चक्कर आली असेल, की गाडीचं भंगार झालेलं बरं असं वाटून हे लक्ष्मी रस्त्यावर पुस्तकं चाळत बसले असतील? शेवटचा विचार माझा मलाच आवडला नाही.

तीनला आले. पाच दुकानं फिरले होते. शेवटच्या दुकानदाराने शिडी लावून वरच्या फळीवरून एक खोकं काढलं होतं. "त्याने विचारलं, गाडी चालते का अजून?" हे सांगत होते. "मी म्हटलं, चालताना चालते."

दोऱ्यांचे रंग बघून चारही वायरी नव्या टोपीवर जागच्या जागी लावल्या. शनिवारी मुद्दाम पहाटे, भर दवात, गाडी सुरू केली. इंजिनावर एअर फिल्टरचा सपाट डबा असतो, त्यावर फुलपात्र भरून पाणी ठेवलं. पाण्यावर बारीक वलयं उठत होती, पण एकही थेंब सांडला नाही. स्क्रू फिरवून मिस्त्रींनी वाढवलेला आवाज खाली आणला, अजून खाली आणला. तरी बंद पडली नाही. मी तिथे अर्धा तास उभी राहिले. वाटलं होतं, आता मला शांत वाटेल. तसं काही झालं नाही. पाणी स्थिर आणि मी हात पुसतेय, पुसलेले हात पुन्हा पुसतेय.

का ते संध्याकाळी कळलं. मुलगा शेडमध्ये आला, त्याने आवाज ऐकला, खूश झाला. "ग्रेट काम केलंस आई. आता तो भंगारात घेणार नाही, चालू गाडी म्हणून घेईल."

आठवडाभर मी इंजिनाशी बोलत होते, आणि इंजिनाने माझ्या वतीने मुलाशी बोलावं अशी अपेक्षा करत होते.

रविवारी तो माणूस आला. हडपसरहून आला होता, स्कूटरवर. बोलायला बरा होता. त्याने बोनेटवर हात ठेवला, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "ही मी तोडत नाही. अशीच विकतो. गिऱ्हाईक आहे माझ्याकडे, आजच." मुलाने माझ्याकडे हात केला. "आई, चावी."

चावी गाडीत होती, गाडी सुरू होती. मी खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं आणि चावी मुठीत घेतली.

"द्यायची नाहीये," मी म्हटलं.

"आई, ठरलंय ना आपलं?"

"तुमचं ठरलंय. मला कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही, ते माझं चुकलं. आता बोलते. मंगळवारी आणि शुक्रवारी मला आक्काकडे जायचं असतं. तिला अंघोळ मी घालते. ही गाडी गेली तर ते बंद होईल."

"मी सोडेन ना तुला, नव्या गाडीने."

"मंगळवारी सकाळी साडेआठला?"

त्याने पुढे केलेला हात खाली घेतला. वाईट मुलगा नव्हता हो. मावशीचं हे सगळं त्याला माहीत होतं, फक्त गाडीच्या गोष्टीत ते कुठे येतं हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

तो माणूस घड्याळ बघत म्हणाला, "काकू, मग मला हडपसरहून बोलावलंत कशाला?"

"चहाला. घेणार का?"

त्याने थोडा विचार केला. "साखर कमी."

चहा होईपर्यंत मुलगा गाडीला टेकून उभा होता. ह्यांनी त्याला एवढंच सांगितलं, "तुझ्या गाडीसाठी दुसरी शेड बघ. ही भरलेली आहे." मुलगा म्हणाला, "कसब्यात दुसरी शेड म्हणजे स्थळ बघण्यापेक्षा अवघड आहे, बाबा." पण म्हणाला ते जरा हसून. पुढे दोन महिने तो शोधत होता.

मंगळवारपर्यंत मला थांबवेना. त्या माणसाची स्कूटर वळली तशी मीही निघाले. येरवड्याच्या चौकात लाल दिवा लागला. हँडब्रेक ओढला, दोन्ही पाय मोकळे सोडले आणि ऐकत बसले. आरसा हलत नव्हता. दिवा कधी हिरवा झाला कळलंच नाही, मागचे हॉर्न वाजवून थकले.

आक्काच्या दाराशी गाडी उभी केली, पण बंद करवेना. अजून थोडं ऐकावं वाटत होतं. तिचा पलंग खिडकीशीच होता. आतून आवाज आला, "बंद कर ते आधी. शुक्रवारी आली नाहीस, आणि आज येऊन दारात पेट्रोल जाळत बसलीयेस."

बंद केली आणि आत गेले. शुक्रवारची अंघोळ राहिलीच होती तिची, पाणी तापायला ठेवलं.